लोअर हटमधला एकटा फेजोआ

मी एक जुना फेजोआ आहे. पेरूच्या दूरच्या नात्यातले एक झाड. माझी कहाणी तुम्ही ऐकावी असे तिच्यात काही आहे का, याची मला स्वतःलाच शंका आहे. तरी सांगतो, मित्रांनो, कारण ती सांगणारे दुसरे कोणी उरले नाही.

न्यूझीलंडमध्ये, लोअर हटमधल्या एका लाकडी घरामागे, कपड्यांच्या दोरीजवळ मी उभा आहे. मला कोणी लावले ते आठवत नाही. शरद ऋतूत गल्लीच्या त्या टोकाला फाटकांबाहेर फेजोआची खोकी दिसत. 'फुकट आहेत, घेऊन जा' असे त्यांवर लिहिलेले असे. आमच्या फाटकाबाहेर कधी खोके आले नाही. दरवर्षी मला फुले येत आणि गळून जात. दोष माझाच, असे मी धरून चाललो होतो.

२०११ साली मार्टिन आणि विनिता यांनी हे घर घेतले. पुढल्या वर्षी मार्टिनची आई, बिबियाना आजी, कोर्लईहून आली. रायगड जिल्ह्यातल्या या गावात पोर्तुगिजांनी किल्ला बांधला होता. ते गेले, त्याला पावणेतीनशे वर्षे झाली. पण त्यांची भाषा तिथल्या ख्रिस्ती घरांत राहिली आणि तिची वेगळीच बोली झाली. मार्टिन लहानपणीच मुंबईच्या बोर्डिंगात गेला, तिथे त्याची ती बोली सुटली. पुण्याच्या विनिताशी आजी मराठीत बोले. आपल्या बोलीत मात्र फक्त माझ्याशी.

"आई, कोणाशी बोलताय?" विनिता खिडकीतून विचारी.

"या मुक्याशी गं. हा उलटून उत्तर देत नाही, तुझ्या नवऱ्यासारखा!"

मग एका रविवारी मार्टिन म्हणाला, "फळ नाही, नुसती सावली. कपडेसुद्धा वाळत नाहीत. तोडून टाकू."

करवत घेऊन एदसोन नावाचा ब्राझीलचा माणूस आला. आजी माझ्या बुंध्यावर हात ठेवून तिच्या बोलीत माझा निरोप घेत होती. एदसोनने डोक्यावरचे हेल्मेट काढले आणि आपल्या ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये तिला उत्तर दिले. निम्मे तिला कळले. तिचे निम्मे त्याला कळले. उरलेले दोघांनी हातवाऱ्यांनी भागवले.

"आई, तू ओळखतेस याला?" मार्टिन थक्क झाला.

"नाही रे. पण हा आपल्या घरचं बोलतो."

एदसोन मार्टिनला इंग्रजीत म्हणाला, "झाड आमच्याकडचं आहे. त्याच्यात खोट नाही, ते एकटं आहे. शेजारी दुसरं लावा, मग पाखरं परागांची ने-आण करतील."

आजीने हट्टाने रोप आणवले. त्यानंतर एदसोन अधूनमधून येई. पुढे तो बांधकामाच्या कामावर ख्राइस्टचर्चला गेला. मग दर रविवारी फोन. माझ्याखाली खुर्ची टाकून आजी तासभर बोले, हसे, कधी रडेही. माझेच पूर्वज जिथले, तिथली भाषा मी अशी शिकलो.

२०१८ च्या हिवाळ्यात आजी गेली. खुर्ची भिंतीला उलटी टेकवून ठेवली गेली. पाठोपाठच्या उन्हाळ्यात रोपाला पहिली फुले आली, ब्लॅकबर्ड पाखरे आम्हा दोघांत नाचली, आणि शरदात माझी फळे टपाटपा गवतावर पडली. विनिताने ती ओच्यात गोळा केली, फाटकाबाहेर खोके ठेवले आणि एदसोनला फोन लावला.

"एदसोन, आईंचं झाड फळलं!"

 तो आपल्या भाषेत भडाभडा बोलू लागला.

"मला नाही कळत रे," ती म्हणाली. "पण थांबू नकोस."

तिने भिंतीकडची खुर्ची माझ्याखाली आणली, फोन स्पीकरवर टाकून तिच्यावर ठेवला आणि ती घरात गेली. मला सगळे कळत होते. पण उत्तर द्यायला मला तोंड नाही.

मित्रांनो, उपदेश करण्याइतका मी मोठा नाही. एवढेच सांगतो: एखादे झाड फळत नसेल, तर करवत आणण्याआधी ते एकटे तर नाही ना, तेवढे बघा. आणि घरातले म्हातारे माणूस मागल्या अंगणात एकटेच बोलत असेल, तर त्याच्याकडून चार शब्द शिकून घ्या.