दोन माणसांचा स्टँड

कलादालनाच्या व्यवस्थापक बाईंचं पत्र आलं तेव्हा पाचरसाहेबांनी ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि हातातल्या पुस्तकात खूण म्हणून ठेवून दिलं. ते पुस्तक संपलं, दुसरं सुरू झालं. पत्र या पुस्तकातून त्या पुस्तकात गेलं, उत्तर काही गेलं नाही.

बाईंनी सरळच विचारलं होतं. शिल्पं ठेवायचे तुमचे स्टँड अजून भक्कम आहेत, पण आता मांडामांड करायला आमच्याकडे एकच माणूस असतो आणि त्याला ते एकट्याला जोडता येत नाहीत. काही युक्ती असेल तर कळवा. नाहीतर पुढच्या प्रदर्शनाआधी ते मोडीत काढावे लागतील.

पूर्वी दर प्रदर्शनाला प्लायवूडची खोकी ठोकायची, रंगवायची आणि प्रदर्शन उतरलं की मागच्या दारी फेकून द्यायची, अशी रीत होती. तेव्हा कलादालनात मांडणीचं काम पाहणाऱ्या पाचरसाहेबांचा ते लाकूड वाया जाताना पाहून जीव तुटायचा. म्हणून त्यांनी बिनखिळ्याचा स्टँड काढला. चार फळ्या एकमेकींच्या खाचांत बसवायच्या आणि वरून लाकडाची पाचर मारायची. पाचर काढली की पुन्हा सुट्या फळ्या, पुढच्या खेपेला तयार. "लोक दुसऱ्याच्या कामात पाचर मारतात, आमचे साहेब स्वतःच्याच!" असं म्हणून सुतार हसायचे. तेव्हापासून हे नाव चिकटलं.

युक्ती असणारच, फक्त आपल्याला सुचत नाही, असं त्यांना वाटत राहिलं. आपल्याला आधी तरी कुठे काही धड सुचलं होतं? शेवटी एका दुपारी त्यांनी पलंगाखालचा नमुन्याचा स्टँड ओढून काढला.

दोन फळ्या भिंतीला टेकवल्या, तिसरी गुडघ्याने दाबली; चौथी उचलेपर्यंत पहिली घसरली. पुस्तकांच्या गठ्ठ्यांचा टेकू दिला, तर गठ्ठेच आडवे झाले. दोरी गुंडाळली, तर खाच दिसेना.

मग त्यांना आठवलं. हा नमुना याच खोलीत जोडला होता, तेव्हा समोर बायको बसली होती. दोन्ही हातांनी फळ्या धरून ती म्हणत होती, "मारा हो लवकर, तिकडे दूध उतू चाललंय." स्टँडच्या नकाशात त्यांनी एकूण एक खाचेचं माप लिहिलं होतं. धरणारे हात तेवढे लिहायचे राहून गेले होते.

फळ्या पुन्हा कोसळल्या, तशी खालच्या मजल्यावरची शेजारीण दारात आली.

"काका, घर पाडताय की काय?"

"नाही हो. ते... जरा धराल का?"

"धरते. पण हातोडा माझ्या डोक्यात नका घालू, आत्ताच केस धुतलेत."

तिने धरलं, त्यांनी पाचर मारली. स्टँड ताठ उभा राहिला. तिने दोन्ही हातांनी दाबून पाहिला.

"अगं बाई, हत्ती बसेल की यावर!"

"एकट्याला जमत नाही," ते पुटपुटले.

"मग हाक मारायची! तोंड नाही का तुम्हाला?"

खाली तिचा फोन वाजला, ती पळाली. "वर काहीतरी ठेवा हं, रिकामा बरा नाही दिसत," हे शेवटचं तिने जिन्यातून सांगितलं.

ठेवण्यासारखं काही त्यांच्याकडे नव्हतं. थोडा वेळ ते स्टँडसमोर जमिनीवर बसून राहिले. मग त्यांनी पाचर काढली. स्टँड सोडवायला मात्र दुसरं कोणी लागलं नाही.

त्यांनी कागद घेतला. 'मॅडम, उशिराबद्दल क्षमा असावी. युक्ती नाही. हा स्टँड दोन माणसांचाच आहे. तुमचा माणूस जोडील तेव्हा समोरून धरायला मी येईन. दर प्रदर्शनाला येईन. जड उचलणं होत नाही, धरणं होतं. कृपया मोडीत काढू नका.' 'दर प्रदर्शनाला' हे गळ्यात पडल्यासारखं वाटून त्यांनी ते खोडलं, आणि खोडल्याच्या वर पुन्हा लिहिलं.

पोस्टाच्या पेटीशी पाकीट अर्धं आत, अर्धं बाहेर धरून ते उभे राहिले.

"आजोबा, टाकताय की काढताय?" मागून कोणीतरी विचारलं.

"टाकतोय, टाकतोय," ते ओशाळून म्हणाले आणि त्यांनी पाकीट सोडलं.