सातशे तीनचा वूफर

प्यो मालसूनच्या घरी वूफर आला सोमवारी सकाळी, आणि बुधवारपर्यंत ते माहीत नाही असं एकही घर त्या इमारतीत उरलं नाही. आता दुसऱ्या कुठल्या गावात एखाद्या बाईने सिनेमा बघायला मोठा स्पीकर घेतला तर लोक म्हणतील, हौस आहे बाईला. आमच्या कोरियातल्या देगूत, या पंधरा मजली खुराड्यांत, वूफर म्हणजे हत्यार. वरचे धपधप करतात, खालच्याचं डोकं फिरतं, मग तो वूफर आणतो, शिडीवर चढून छताला टेकवतो आणि वरच्यांच्या पायाखालची जमीन दिवसभर थरथरत ठेवतो. छताला टेकवायच्या दांड्यासुद्धा बाजारात मिळतात, आहात कुठे! त्यामुळे ते खोकं लिफ्टमधून वर जाताना पाहून सगळ्यांनी एकच अर्थ काढला, की सातशे तीनची म्हातारी आठशे तीनवर उठली.

मालसूनच्या डोक्यात आठशे तीन नव्हतंच. तिच्या डोक्यात सिनेमा होता.

तिचं वय अडुसष्ट. त्यातली चौतीस वर्षं कापड गिरणीत, दोनशे मागांच्या मधोमध गेली. त्या मागांनी तिचे कान खाल्ले. डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली होती: बारीक आवाज सगळे गेले, जाड आवाज तेवढे राहिले. पाखरं गेली, फोनची घंटी गेली, मुलीचं हसणं गेलं. उरली ती लांबच्या आगगाडीची घरघर आणि ढगांचा गडगडाट. कानातलं यंत्र लावलं की डोक्यात कुणी भांडी आपटतंय असं व्हायचं, म्हणून ते डबीत जाऊन पडलं होतं. समोर उभं राहून बोललेलं तिला ओठांवरून नीट कळायचं आणि उत्तरही चोख यायचं. मागून हाक मारली तर मात्र ढिम्म. शेजाऱ्यांनी त्याचा अर्थ लावला की बाई शिष्ट आहे, आणि तिने तो खोडून काढला नाही. बहिरी म्हणवून घेण्यापेक्षा शिष्ट म्हणवून घेणं तिला परवडत होतं.

मग गेल्या हिवाळ्यात मुलीने, हेजूने, तिला ओढतच सिनेमाला नेलं. पडद्यावर घोडे दौडत आले आणि मालसूनच्या खुर्चीतून, पाठीच्या मणक्यातून, पार दाढांपर्यंत ते घोडे गेले. बारा वर्षांत पहिल्यांदा तिला सिनेमा ऐकू आला. ती तिथे अंधारात ढसाढसा रडली. बाहेर पडल्यावर तिकिटवाल्याला तिने विचारलं, "ते खुर्चीत काय बसवलंय?" तो म्हणाला, "खुर्चीत काही नाही, आजी. वूफर आहे, पडद्यामागे."

हे एवढं रामायण इमारतीत कुणाला ठाऊक असणार?

वूफर आल्यावर पहिलं काम म्हणजे त्याची जागा शोधणं. सोबतच्या पत्रकात एक अजब रीत दिली होती. आपण जिथे बसणार तिथे वूफर ठेवायचा, सिनेमा लावायचा, आणि आपण भिंतीकडेने रांगत फिरायचं. आवाज जिथे सगळ्यात स्वच्छ लागेल, तिथे वूफर मांडायचा. मालसूनने वूफर कोचावर बसवला, गुडघे टेकले आणि अडुसष्टाव्या वर्षी चारी पायांवर घर मोजायला निघाली. दर हातभर अंतरावर थांबायची, तळवा आणि गाल जमिनीला लावायची. खिडकीखाली काहीच नाही, मेलेली जागा. कोपऱ्यात नुसता गोंगाट, एका ठोक्यात दुसरा मिसळून चिखल. पण बुटांचं कपाट आणि किमचीचा फ्रिज यांच्या मधल्या भिंतीशी तिचा तळवा थबकला. तिथे घोड्याचा एकेक खूर वेगळा लागत होता. तिने तिथे लाल चिकटपट्टी मारली आणि बराच वेळ तशीच पालथी पडून राहिली.

तिसऱ्या दिवशी खालची, सहाशे तीनची एरान दारात आली. बोलायची लाज, म्हणून हातात मुळ्याची किमची, आमचं आंबवलेलं तिखट लोणचं.

"ताई, राग मानू नका. चार वाजले की माझ्या कपाटातल्या बश्या नाचतात हो."

"किती नाचतात?"

"किती म्हणजे? एक तर खालीच आली."

मालसूनने किमची घेतली आणि तडक कामाला लागली. चूक होती तर होती. आमच्याकडे घराची जमीन खालून नळ्यांनी तापवतात, तिच्यावर वूफर उघडाच ठेवणं त्याच्या लाकडालाही वाईट आणि खालच्यांनाही. तिने माळ्यावरून सासूचा दगड काढला. कपडे मोगरीने कुटून गुळगुळीत करायचा तो जुना, पाटासारखा दगड, जो फेकवत नाही आणि ठेवायलाही जागा नाही. खुर्च्यांच्या पायांना आमच्याकडे घरोघरी टेनिसचे चेंडू कापून घालतात, तसे दोन चेंडू तिने अर्धे कापले, चार अर्धुकं पालथी मांडली, त्यांवर दगड, दगडावर वूफर. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवलं. मऊ ब्रशने वूफरच्या पडद्यावरची धूळ झाडली, बोटाने न दाबता. मग एरानला खाली पाठवून सिनेमा लावला. एरानचा निरोप फोनवर लिहून आला: बश्या गप्प आहेत.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आठशे तीनमध्ये नामगुंग साहेब राहत होते ना! हे इमारतीचे निवडून आलेले प्रतिनिधी. पंचावन्न वर्षांचे, पोट सुटलेले, आणि डॉक्टरांच्या धाकाने पहाटे साडेपाचला पळायच्या यंत्रावर चढणारे. खोकं पाहिल्यापासून त्यांना झोप नव्हती. शुक्रवारी ते नाशपातीची पेटी आणि जाड तळाच्या सपातांचे तीन जोड घेऊन मालसूनच्या दारात कमरेत वाकले.

"आजी, आमचं चुकलं. इतकी वर्षं तुम्ही सहन केलंत, एका शब्दाने बोलला नाहीत. आता घरात आम्ही या सपाता घालू. यंत्रसुद्धा एक दिवसाआड करतो. तुम्ही तेवढं ते... परत करा."

मालसूनला ओळ न् ओळ कळली आणि अर्थ काडीचा कळला नाही. "कसलं यंत्र?"

"पळायचं. पहाटेचं."

"तुम्ही पळता?" तिने त्यांच्या पोटाकडे पाहिलं. "मला कधीच नाही आलं ऐकू."

ती खरं बोलत होती. पहाटे ती गाढ झोपलेली असायची. पण नामगुंगांना वाटलं, म्हातारी आपल्याला खेळवते आहे. माफी मागायला आलेल्या माणसाच्या पोटावर टोमणा मारते आहे. ते लालबुंद होऊन सपाता परत घेऊन गेले. नाशपाती गडबडीत तिथेच राहिल्या. फार गोड निघाल्या त्या.

दुसऱ्या दिवसापासून घरोघरी छतात बसवलेल्या कार्यालयाच्या कर्ण्यातून रोज संध्याकाळी घोषणा व्हायला लागली. काही रहिवासी शेजारधर्म सोडून घरात वूफर लावत आहेत, त्यांनी तो ताबडतोब काढावा. घर कुणाचं ते सांगितलं नाही, सांगायची गरज कुणाला होती? आठवडाभर प्रत्येक घरात लोक भात चिवडत घोषणा ऐकत होते आणि छताकडे बघून मान हलवत होते. आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती त्याच कर्ण्याखाली बसून शांतपणे सूप पीत होती. तिला पत्ताच नव्हता. लोक म्हणाले, काय कातडी आहे हो गेंड्याची!

शेवटी शनिवारी दुपारी तीनला ज्येष्ठांच्या खोलीत बैठक बोलावली. वीसेक माणसं मांडी घालून बसली होती. मालसूनसमोर एक छापील कागद आला: मी, सातशे तीन, इमारतीच्या शांततेसाठी वूफर घराबाहेर काढत आहे. खाली, आमच्याकडे सहीऐवजी ज्याचा त्याचा शिक्का मारतात, त्याची जागा मोकळी.

"व्यक्तिगत काही नाही, आजी," नामगुंग म्हणाले. "शिक्का मारा, विषय संपला."

"मला ऐकू येत नाही, म्हणून घेतलाय मी तो."

खोलीत खसखस पिकली. एकशे चारचे आजोबा मोठ्यांदा म्हणाले, "आंधळ्याने चष्मे विकत घेतल्यासारखं झालं की हे!"

"सिनेमा बघते मी. चार ते सहा. तेवढंच ऐकू येतं मला, खालचं, जाड."

"आत्ता तर आमचं सगळं बरोबर ऐकताय तुम्ही," नामगुंग गोड हसले. मग उठून पार खिडकीशी गेले आणि कार्यालयाच्या व्यवस्थापकाशी कुजबुजायला लागले.

मालसूनने खिडकीकडे पाहिलं. दहा पावलांवरून.

"लावा ना फोन माझ्या मुलीला," ती म्हणाली. "नंबर देऊ का?"

नामगुंग गर्रकन वळले.

"काय म्हणालात ते सांगू सगळ्यांना? म्हणालात, 'सोंग आहे सगळं. शिक्का नाही मारला तर मुलीला फोन लावू, ती नेऊन टाकेल कुठल्यातरी वृद्धाश्रमात.' एखादा शब्द राहिला का माझा?"

व्यवस्थापकाने मान खाली घातली. त्यावरूनच सगळ्यांना कळलं.

"बघा! बघा! ऐकू येतं हिला!" एकशे चारचे आजोबा ओरडले.

"ऐकलं नाही. बघितलं." मालसून उभी राहिली. "दोनशे मागांत कुणाला काय ऐकू येणार? चौतीस वर्षं आम्ही बाया एकमेकींचे ओठ बघून बोललो. लग्नं जमवली, भांडणं केली, एकीचा नवरा गेला ते तिला चार मागांवरून मी सांगितलं, असं. आमचा मुकादम शिव्या द्यायच्या आधी पाठ फिरवायला शिकला होता. तुम्ही अजून नाही शिकलात, प्रतिनिधी साहेब. आणि चारशे एक, हो, तुम्हीच, 'कधी संपणार हे' म्हणालात ना आत्ता? मलाही घाई आहे. चारला माझा सिनेमा आहे."

आता एकेकाने तोंडावर हात घेतला होता.

"त्या मागांचा आवाज मी मागितला नव्हता," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला माहीत नव्हता तितका मोठा झाला होता. "वरचं, बारीक सगळं त्यात गेलं. तेव्हा कुणी बैठक घेतली नाही. कुणी छतातून घोषणा केली नाही की बायांचे कान जातायत, माग काढा. मला म्हणाले, कापूस घाल. आता तळाशी एवढंसं उरलंय माझं, ते तुमच्या शांततेसाठी देऊ? नाही देत. जा."

नामगुंगांनी शेवटचा प्रयत्न केला. "पण आवाज खाली जातो त्याचं काय? एरानबाई, तुम्ही सांगा. खरं सांगा."

एरान अवघडली. मग मालसूनला दिसेल असं तोंड करून, शब्द तोडून तोडून बोलली. "जातो. खोटं कशाला बोलू? पहिले तीन दिवस बश्या नाचल्या, एक फुटली माझी. दगड ठेवल्यापासून पोटऱ्यांना जरासं लागतं, तेवढंच. पण पहाटे साडेपाचला दोन मजले फोडून माझ्या उशीत येतं ते वेगळंच काहीतरी आहे. त्याला कुठला दगड ठेवायचा?"

आता मात्र खोली फुटली. चारशे एक तर पोट धरून लोळले. नामगुंगांचे कान तांबडेलाल झाले.

"पळू दे त्यांना," मालसून म्हणाली. "माझं काही म्हणणं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय बिचाऱ्यांना."

व्यवस्थापक चाचरत म्हणाला, "म्हणजे आजी, कागदावर शिक्का तेवढा... वहीत नोंद करायची होती."

"शिक्का पाहिजे? घ्या की."

तिने कागद ओढला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर ठळक अक्षरांत लिहिलं. मग पिशवीतून शिक्का काढला, लाल शाईत दाबला आणि खाली असा मारला की बैठं टेबल हललं. कागद व्यवस्थापकाला न देता ती तो घेऊन बाहेर पडली, आणि लिफ्टमधल्या आरशाशेजारी, जिथे कार्यालयाच्या परवानगीशिवाय कुणी काही लावत नाही, तिथे तिने तो चारी कोपऱ्यांना चिकटवला.

पाच मिनिटांनी नामगुंग लिफ्टमध्ये शिरले. आठव्या मजल्यापर्यंत दुसरं वाचायला काही नव्हतं.

'सातशे तीनमध्ये रोज चार ते सहा सिनेमा असतो. मी बहिरी आहे. आवाज येईल. प्यो मालसून.'