टाकी नसताना आलेली हवा

मी एक जुना रेग्युलेटर आहे. समुद्रात उतरणाऱ्याच्या पाठीवर टाकी असते. तिच्यातली हवा त्याच्या तोंडापर्यंत पोचवणं, हे माझं काम. मित्रांनो, फोटो माशांचे काढतात, चावतात मात्र मला.

कारखान्यात मला सतरा वेळा पाण्यात बुडवलं आणि बुडूनही चालतो म्हणून पास केलं. माझे मालक नकाशे काढतात. पहिली सहा वर्षं समुद्रातून आलं की ते मला गोड्या पाण्यात बुचकळत आणि सावलीत वाळवत. त्यांच्या ताई दातांच्या डॉक्टर. त्या म्हणायच्या, "एवढी काळजी स्वतःच्या दाढांची घे."

मग एकदा परतीची घाई झाली. मला तसाच खारट, ओला पिशवीत कोंबलं आणि घरी कपाटातल्या खिळ्याला टांगलं. चार वर्षं माझ्यावर छत्री वाळत होती. सोडलेला श्वास बाहेर जायला माझ्यात एक रबरी पाकळी आहे. तिच्याखाली मिठाचा खडा बसला आणि ती उघडीच राहिली. हे फक्त मला माहीत होतं.

गेल्या शनिवारी मला अचानक खाली काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट होती, खोली पंचवीस मीटर. मालकांनी टोपी तीनदा तपासली. मला नुसतं फडक्याने पुसलं. मला ओरडायचं होतं, पण माझं तोंड म्हणजे दुसऱ्याचं तोंड.

ताई आपली बॅग घेऊन दारात आल्या. "टॅक्सी खाली उभी आहे. सगळं तपासलंस?"

"सगळं. हे बघ." मालकांनी टाकीला जोडायचं माझं टोक झाकणाने घट्ट बंद केलं, मला तोंडात धरलं आणि खोल श्वास घेतला. "मस्त हवा येतेय. अगदी नव्यासारखा."

ताई जिन्याकडे वळल्या होत्या. त्या थांबल्या.

"हवा येतेय?"

"हो. गार."

"टाकी कुठंय?"

"टाकी बोटीवर मिळणार ना."

"मग ही हवा कुठून येतेय रे?"

मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ती चोरून आणली होती. "खोलीतली असेल."

"आणि उद्या खाली काय येईल?"

टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न दिला. मालक हळूच खुर्चीत बसले.

"टॅक्सी परत पाठव," ताई म्हणाल्या. "बोट पुढच्या रविवारीही आहे. भाऊ एकच आहे, आणि तो हा असा."

दुरुस्तीवाल्याने मला उघडलं तेव्हा टेबलावर मीठ सांडलं. "दोन उकडलेल्या अंड्यांना पुरेल," तो म्हणाला, आणि त्याने नवी पाकळी बसवली. मालकांनी पुन्हा झाकण लावून श्वास ओढला. गाल आत गेले, डोळे बाहेर आले, हवा काही आली नाही. दोघंही खूश झाले. काहीच न दिल्याबद्दल माझं असं कौतुक पहिल्यांदाच झालं.

मित्रांनो, समुद्रातून आलात की आधी मला आंघोळ घाला, मग स्वतः करा. तुम्ही खारट राहिलात तर फक्त खाज सुटेल.