निरोगी रक्ताचा नमुना

मास्तरांनी उभ्या जन्मात शाळेत एक तासही घेतला नव्हता. रुग्णालयाच्या तळमजल्यावर रक्त तपासायची जी खोली आहे, तिथे त्यांनी चौतीस वर्षं काढली, आणि नवा माणूस आला की त्याला सूक्ष्मदर्शकापुढच्या डुगडुगत्या स्टुलावर बसवून पहिला धडा तेच द्यायचे. म्हणून मास्तर. शिकाऊ तंत्रज्ञ असो नाहीतर कोरा करकरीत डॉक्टर, धडा एकच. खिशातल्या डबीतून एक काच काढायची, भिंगाखाली सरकवायची आणि म्हणायचं, "हे निरोगी रक्त. डोळ्यांत साठवून घ्या. पुढे आयुष्यात जे असं दिसणार नाही, तो आजार."

काच त्यांच्या स्वतःच्या रक्ताची होती. जुनी झाली की ते बोटाला सुई टोचून नवी करत. दुसऱ्या कुणाचं रक्त घ्यावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. चार मजले ते न थांबता चढत, साठीनंतरही दात सगळे जागेवर होते, आणि तापाने अंथरूण धरल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं. एवढा पुरावा असताना शोधायला बाहेर कशाला जायचं?

निवृत्त झाल्यावर रुग्णालयाने त्यांच्यावर एक काम सोपवलं. रक्ताच्या आजारांबद्दल लोक नेहमी जे प्रश्न विचारतात, त्यांच्या उत्तरांचं एक पत्रक लिहायचं. अहवाल द्यायच्या खिडकीशी उभं राहून ते प्रश्न मास्तरांइतके कुणी ऐकले नव्हते. ते उत्साहाने कामाला लागले.

'शेजारी बसल्याने रक्ताचा आजार लागतो का?' नाही. शेजाऱ्याला खुशाल बसू द्यावं. 'तपासणीला काढलेलं रक्त परत मिळतं का?' नाही, पण शरीर ते दोन दिवसांत विसरतं. 'बीट लाल असतं, म्हणून बीट खाल्ल्याने रक्त वाढतं का?' मग टरबूज खाणाऱ्यांचं काय झालं असतं, याचा विचार करावा.

नवव्या प्रश्नाशी ते गंभीर झाले. 'हे आजार होतात कशामुळे?' त्यांनी लिहिलं: काही आहारात लोह किंवा जीवनसत्त्व कमी पडल्याने. काही आतल्या आत न कळत रक्त जात राहिल्याने. काही हाडांच्या आतला मगज बिघडल्याने. आणि काही आईबापांकडून येतात, त्यात कुणाचा दोष नसतो.

मास्तरीणबाई कागद तपासायला बसल्या होत्या. त्यांनी पेन्सिल तिथेच थांबवली.

"आईबापांकडून? घरात तर तुम्ही नुसतं आईकडून म्हणता."

"अगं, ते पत्रक आहे. सगळ्यांसाठी आहे."

"हो का! मग आमच्या घरासाठी वेगळं छापा. लेकीला शिंक आली तरी तीस वर्षं माझ्या माहेरावर जाते."

हे खोटं नव्हतं. मास्तरीणबाईंच्या माहेरची माणसं गोरी आणि फिकट. लग्नाच्या दिवशीच मास्तरांनी सासरे, मेहुणे आणि दोन मावश्या यांच्या पापण्यांच्या आत डोकावून पाहिलं होतं आणि 'ही सगळी मंडळी कागदासारखी' असा निकाल त्याच रात्री बायकोला ऐकवला होता.

लेकीला आता तिसरा महिना होता. पहिल्या तपासणीत तिचं हिमोग्लोबिन साडेदहा भरलं. प्रसूतीच्या डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि शिवाय एक चिठ्ठी लिहिली: तांबड्या पेशी लहान दिसतात, हिमोग्लोबिनची खास तपासणी करून घ्या, गरज पडली तर यजमानांचीही. लेक चिठ्ठी घेऊन सरळ बाबांकडे आली. मास्तरांनी घरच्या सूक्ष्मदर्शकाखाली तिचं रक्त पाहिलं आणि ते सुखावले.

"ठणठणीत! हुबेहूब माझ्यासारखं. खास तपासणी कसली? आजकाल बोट दिलं की हात तपासतात. तू गोळ्या खा. जरा अशक्तपणा आहे, तो तुझ्या आजोळचा."

चिठ्ठी त्यांनी चष्म्याच्या घरात घडी करून ठेवली. त्याला तीन आठवडे झाले होते.

पत्रकात निरोगी रक्ताचा एक फोटो हवा होता. मास्तरांनी डबीतली काच फोटोपुरती दिली आणि परत आणली. चौथ्या दिवशी रक्तविकारांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. याच बाई वीस वर्षांपूर्वी डुगडुगत्या स्टुलावर बसल्या होत्या.

"मास्तर, पत्रक झकास झालंय. टरबूज वाचून मी कॅन्टीनमध्ये एकटीच हसले. फक्त तो फोटो बदलून द्याल?"

"धूसर आलाय?"

"नाही, स्वच्छ आलाय. तोच घोटाळा आहे. निरोगी रक्ताचा द्या."

"बाई, ते निरोगीच आहे. माझं आहे."

"माहीत आहे मला. मास्तर, तुम्हीच शिकवलंत. शेजारची लहान पांढरी पेशी शोधा, तिचं केंद्र बघा. तांबडी पेशी साधारण तेवढी भरली पाहिजे. तुमच्या काचेवर एकदा लावून बघा."

मास्तरांना राग आला नाही. बाईंच्या सूक्ष्मदर्शकाचं भिंग मळलं असणार, याची त्यांना खात्री होती. पंचवीस वर्षांपूर्वी रुग्णालयात पेशी मोजायचं नवं यंत्र आलं, तेव्हाही असंच झालं होतं. यंत्राने पहिल्याच दिवशी मास्तरांच्या पेशी लहान ठरवल्या. मास्तरांनी कंपनीचा माणूस तीनदा बोलावून यंत्र दुरुस्त करायला लावलं, आणि तरी ते सुधारेना, तेव्हा त्याच्याशी बोलणं टाकलं.

या वेळी मात्र घरी काच लावली, तर पेशी खरंच बारीक वाटल्या. आपलंही भिंग मळलं असं ठरवून त्यांनी घरचं सूक्ष्मदर्शक पिशवीत घातलं आणि जावयाचं दुकान गाठलं. जावई चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. अंगाने इतका किरकोळ की मास्तर त्याला पाठीमागे 'काडीपैलवान' म्हणत. दोन जिने चढला की घोटभर पाणी मागायचा. लेकीने याच्यात काय पाहिलं, हे मास्तरांना भिंगाखाली घालूनही कळलं नसतं.

"या बाबा, बसा."

"जावईबापू, भिंगावर डाग आहे. पेशी बारीक दिसतायत."

जावयाने भिंग सुटं केलं, दिव्यासमोर धरलं, मऊ कापडाने पुसलं, पुन्हा धरलं. या कामात तो कुणाशी बोलत नसे. मग म्हणाला, "बाबा, भिंग स्वच्छ आहे. ओरखडासुद्धा नाही."

"नीट बघ."

"नीटच बघितलं. डाग असता तर जे बघाल त्यावर दिसला असता. तुम्हाला एकाच काचेवर दिसतोय का?"

काउंटरवर जागा करून मास्तरांनी डबीतली काच भिंगाखाली ठेवली. हजारो रुग्णांच्या काचांवर त्यांनी पांढऱ्या पेशीचं केंद्र शोधून तांबड्या पेशी मापल्या होत्या. या एका काचेवर कधीच नाही. मापपट्टीला कुणी मापतं का? आज त्यांनी मापलं. तांबड्या पेशी केंद्राच्या शेजारी बापाच्या चपला घातलेल्या पोरासारख्या दिसत होत्या. मधूनच एखादी पेशी नेमबाजीच्या चकतीसारखी, मध्ये ठिपका असलेली. ही चकती त्यांनी कितीतरी वेळा दोषाची खूण म्हणून दुसऱ्यांना बोट ठेवून दाखवली होती.

पिशवीत लेकीचीही काच होती. ती त्यांनी लावली. हुबेहूब माझ्यासारखं, असं ते म्हणाले होते. ते अगदी खरं होतं.

त्यांनी तिथूनच बाईंना फोन लावला.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच वर्षी. आम्हा सगळ्यांनाच."

"मग बोलला का नाहीत?"

"मास्तर, ज्या माणसाने यंत्राशी अबोला धरला, त्याला शिकाऊ पोरीने काय सांगायचं? आणि तुम्हाला त्रास काहीच नव्हता. थॅलेसेमियाचा वाहक आयुष्यभर मजेत जगतो. आम्हाला वाटलं, कुणाचं काय बिघडतंय?"

"लेकीला तिसरा महिना आहे," मास्तर म्हणाले. "तिचं माझ्यासारखंच आहे."

बाईंचा आवाज एकदम बदलला. "यजमानांची तपासणी झाली?"

मास्तरांनी चष्म्याचं घर उघडलं. चिठ्ठी घडीवर मळायला लागली होती.

जावई समोर कापड हातात घेऊन उभाच होता. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदाच त्याला खरं नाव घेऊन हाक मारली आणि सांगितलं, ज्या शब्दांत ते खिडकीशी लोकांना सांगत त्याच शब्दांत. एक वाहक असेल तर मूल फार तर वाहक होईल, काळजी नाही. पण दोघंही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात चारातला एक धोका असतो की मुलाला दोन्हीकडून दोष मिळेल, आणि मग त्याला जन्मभर रक्त चढवत राहावं लागतं. "हे तीन आठवड्यांपूर्वीच कळायला हवं होतं. चिठ्ठी मी दाबून ठेवली."

जावयाने कापडाची घडी घातली. "कुठे टोचता, बोटाला की हाताला?" एवढंच त्याने विचारलं. मग दुकानाला कुलूप लावलं.

त्या संध्याकाळी घरी सांगणं जास्त अवघड गेलं. लेकीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणालात म्हणून मी दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही." हे तिने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मास्तरीणबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आपल्या माहेराबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. हे मास्तरांना फार लागलं. तीस वर्षांचा हिशेब मास्तरीणबाईंनी वसूल केला असता, तर त्यांना निदान भांडता आलं असतं.

लेक आणि जावई, दोघांच्या अहवालाला पाच दिवस लागले. मास्तर रोज पत्रक उघडून बसत आणि नवव्या उत्तरातलं 'त्यात कुणाचा दोष नसतो' हे वाक्य वाचत. वाक्य बरोबर होतं. रक्तात कुणाचा दोष नसतो. चिठ्ठीचं मात्र त्यांना कुठल्याही प्रश्नात बसवता येईना.

सहाव्या दिवशी ते रुग्णालयात खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, रांगेत उभे राहिले. या बाजूने खिडकी बरीच उंच होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आतली मुलगी नवी होती. तिने लिफाफा पुढे केला.

"नॉर्मल आहे ना?" मास्तरांनी विचारलं.

"डॉक्टरांना दाखवा," ती न बघताच म्हणाली.

चौतीस वर्षं त्यांनी हेच उत्तर दिलं होतं. ते ऐकायला कसं वाटतं, हे आज कळलं. त्यांना लिफाफा फोडून आकडे वाचता आले असते, पण या वेळी त्यांनी तो बंदच ठेवला. ते जिन्याने वर गेले. दुसऱ्या मजल्यावर त्यांना पहिल्यांदाच थांबावं लागलं.

रक्तविकारांच्या डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि चष्मा काढला.

"लेक वाहक आहे, तुमच्यासारखीच. लोहाचा साठा भरपूर. वाढीव गोळ्यांची गरज नाही, किती घ्यायच्या ते प्रसूतीच्या बाई ठरवतील. आणि जावई..."

"बोला."

"जावई स्वच्छ. बाळ फार तर आजोबांवर जाईल. त्याहून वाईट काही नाही."

मास्तर खुर्चीत बसले. बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या, मास्तरांचं पाणी पिऊन होईपर्यंत.

"त्याची काच बघायचीय?" मग त्यांनी विचारलं.

मास्तरांनी पाहिली. तांबड्या पेशी गोल, भरलेल्या, एकसारख्या, पांढऱ्या पेशीच्या केंद्राएवढ्या. असं रक्त त्यांनी रुग्णांचं हजारदा पाहिलं असणार, आणि आपल्यासारखं नाही म्हणून मनातल्या मनात दोन गुण कापले असणार.

"काय हो हे रक्त!" ते म्हणाले. "आणि दोन जिने चढला की पाणी मागतो!"

पत्रक महिन्याभराने छापून आलं. निरोगी रक्ताचा फोटो काडीपैलवानाचा. खाली एक दहावा प्रश्न वाढला होता: 'माणूस धडधाकट असताना रक्तात दोष असू शकतो का?' उत्तर एका शब्दाचं, 'हो', आणि शेजारी डबीतल्या काचेचा फोटो. त्याखाली आणखी एक ओळ: डॉक्टरांनी तपासणीची चिठ्ठी दिली असेल तर ती घरातल्या जाणकार माणसाला देऊ नये, प्रयोगशाळेत द्यावी.

मास्तरीणबाईंनी पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. चष्मा काढला. फोनकडे हात नेला.

"कुणाला करतेस?"

"दादाला. माझ्या माहेरी पन्नास प्रती पाठवायच्या म्हणते."

"पन्नास कशाला?"

"कागदासारखी माणसं आहेत ना आमची," त्या म्हणाल्या. "कागद जपून ठेवतील."

मास्तरांनी मुकाट्याने प्रती मोजायला घेतल्या.