खुर्ची नंबर एकवीस

वरच्या सभागृहात कोण कुठे बसणार हे ज्या बाई ठरवत, त्यांना सगळी इमारत खुर्चीबाई म्हणे. बाईंनाही त्याचं काही वाटत नसे.

हे सभागृह कधी विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सभासद निवृत्त होतात, तेवढेच नवे येतात. मग जुन्यांना ज्येष्ठतेप्रमाणे पुढे सरकवायचं आणि नव्यांना मागे बसवायचं. सांगायला सोपं! पण एकाला खांबाआड नको, दुसऱ्याला व्याह्यांच्या शेजारी नको, तिसऱ्याला पंख्याखाली सर्दी होते. सव्वीस वर्षं हे सगळं निस्तरून बाईंचं डोकं पिकलं होतं.

या खेपेला नियमआजोबा आले. सभागृहात सगळ्यांत म्हातारे तेच, आणि नियमांचं पुस्तक त्यांना तोंडपाठ.

"बाई, मला हलवू नका. अठरा वर्षं मागच्या कोपऱ्यात बसतोय. आजवर तुम्ही चालवून घेतलंत."

"आजवर घेतलं," बाई म्हणाल्या. "पण नियमाने तुमची पहिली रांग, नंबर एकवीस."

नियम म्हटल्यावर आजोबांनी लगेच नवा नंबर टिपून घेतला. बाईंना आतून गुदगुल्या झाल्या. का होऊ नयेत? वर्षापूर्वी त्या एका गोंधळलेल्या सभासदाला हळूच त्याची खुर्ची सांगत होत्या, तर याच आजोबांनी भर सभागृहात उभं राहून हरकत घेतली होती. कर्मचाऱ्यांनी सभागृहात तोंड उघडायचं नाही, असा नियम आहे म्हणे! बाईंना मेमो मिळाला. पंचवीस वर्षांच्या नोकरीतला पहिला. तो त्यांच्या जिव्हारी लागला होता.

अधिवेशनाच्या शेवटच्या आठवड्यात आजोबांचं विधेयक मतदानाला आलं. होडीतून न्यायच्या प्रत्येक माणसाला लाइफ जॅकेट द्यायचं, एवढंच ते विधेयक. बारा वर्षं ते त्याच्यामागे हात धुऊन लागले होते. नदी ओलांडताना होडी उलटून त्यांची धाकटी बहीण बुडाली होती, हे भाषणात त्यांनी एकदाही काढलं नाही, पण ठाऊक सगळ्यांना होतं. वयामुळे हे अधिवेशन संपलं की ते सभासदत्व सोडणार होते, आणि मांडणारा गेला की विधेयकही तिथेच संपणार होतं.

मतदानाची घंटा झाली तेव्हा आजोबा बाहेर चहा घेत होते. ते लगबगीने आत आले, आणि पाय सवयीने त्यांना मागच्या कोपऱ्यात घेऊन गेले. ती खुर्ची सध्या रिकामी होती. नव्या सभासदाचा शपथविधी अजून व्हायचा होता. आजोबा बसले, बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले.

सभापतींच्या आसनाखालच्या टेबलावरून बाईंना ते स्पष्ट दिसलं. एकवीस नंबरचा दिवा लागलाच नव्हता. ज्या खुर्चीच्या नावावर सभासद नाही, तिथून दिलेलं मत यंत्र धरत नाही.

फलक उजळला. बाजूने एकसष्ट, विरुद्ध एकसष्ट.

"कोणाला आपल्या मताची दुरुस्ती करायची आहे?" सभापतींनी विचारलं. यंत्राने न धरलेलं मत निकाल जाहीर होईपर्यंत चिठ्ठीवर लिहून देता येई. आजोबांचे डोळे मिटलेलेच. बाईंनी त्यांच्याकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं. पण त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि समोरचा कागद सरळ केला. तोंड उघडायचं नाही ना? मग नाही उघडत, जा!

मतं समसमान पडली की सभापतींनी मत द्यायचं, आणि तेही आहे ते तसंच राहू देण्याच्या बाजूने, असा तिथला रिवाज. विधेयक पडलं.

संध्याकाळी आजोबा मतदानाची छापील यादी घेऊन बाईंच्या खोलीत आले. "बाई, यात माझं नाव नाही."

"तुम्ही जुन्या खुर्चीवर बसला होतात."

आजोबा समोरच्या स्टुलावर टेकले. यादी त्यांनी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचली. मग विचारलं, "तुम्हाला दिसलं होतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण बाई म्हणाल्या, "दिसलं होतं."

आता हे आरडाओरडा करणार, म्हणून बाईंनी अंग चोरलं. आजोबांनी मात्र यादीची नीट घडी घातली. "बरोबर केलंत," ते म्हणाले. "नियमच आहे तसा. मीच दाखवला होता." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, हेच वाईट. ते उठले आणि दाराकडे निघाले.

चार शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं! बाई मागोमाग धावल्या.

"अहो, नियमासाठी नव्हते हो मी गप्प बसले. मेमोचा राग होता मनात. तुम्हाला पुढे बसवलं तेही त्याच रागाने. चुकलं माझं."

आजोबांनी दाराची कडी काढली.

"हे मला सांगायला नको होतंत, बाई," ते म्हणाले. "नियमाने गेलं म्हणून मी सोसलं असतं."