बदलापूर एडिशन

ज्या व्हिडिओने समीरची लाज काढली, तो त्याने अगदी मनापासून केला होता. हीच तर गोची होती.

समीर उल्हासनगरात एका सिंधी शेठच्या मोबाइलच्या दुकानात कामाला. दुपारी गिऱ्हाईक पातळ झालं की तो मागच्या गोडाऊनमध्ये शिरायचा, चार्जरच्या खोक्यांवर फोन टेकवायचा आणि सुरू व्हायचा. ‘समीर बघतोय’ असं त्याचं चॅनल. सिरीज बघायची, सिनेमा बघायचा आणि जे वाटलं ते बोलून मोकळं व्हायचं, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. हा पठ्ठ्या खोटं बोलत नाही, अशी त्याची ख्याती होती. त्यावरच माणसं जमली होती.

त्या दिवसांत जिकडेतिकडे ‘नऊ नद्यांची राणी’ चालू होती. एका जाडजूड इंग्रजी कादंबरीवरून केलेली, हिंदीत डब केलेली, दर शुक्रवारी नवा भाग. राज्य गेलेली राणी नऊ नद्या ओलांडून आपल्या मुलाला परत आणायला निघते, एवढीच गोष्ट. पण पैसा असा ओतलेला की प्रत्येक नदीला वेगळा राक्षस. लोक खूश होते. समीर नव्हता.

“बाकी सब ठीक आहे,” तो व्हिडिओत म्हणाला, “पण नावाडी कुठाय? पाचव्या नदीवर भिवा नावाडी येतो. निळ्या घागरी एकत्र बांधून केलेली त्याची नाव. राणीला म्हणतो, डोळे मिट, उघडशील तेव्हा काठ आलेला असेल. अख्ख्या गोष्टीचा जीव आहे यार तो माणूस. आणि तुम्ही त्यालाच उडवला?”

बोलण्याच्या भरात नावाड्याचं वाक्य तो दोनदा म्हणाला होता. तेही त्याने कापलं नाही, तसंच ठेवलं.

लोकांनी आधी पुस्तक चाळलं, मग समीरला सोलला. असा नावाडीच पुस्तकात नाही म्हणे. कुणी विचारत होतं, भाई कौनसी बुक पढी तूने? कुणी नुसतंच घागरीवर हसत होतं. लहानपण बदलापुरात गेलं हे समीर चॅनलवर दर दोन व्हिडिओंमागे सांगायचा, तेव्हा कुणीतरी लिहिलं, ‘इसने बदलापूर एडिशन पढी है.’ झालं. तेवढंच चिकटलं. अनोळखी माणसं ते लिहायला लागली. दुकानात शेठसुद्धा गल्ल्यावरून ओरडायचा, “साईं, तेरा नाववाला आया क्या?”

खरं सांगायचं तर समीरने ते पुस्तक वाचलंच नव्हतं. त्याने ते ऐकलं होतं.

बाबांकडून. गुरुदत्त, म्हणजे त्याचे बाबा, अंबरनाथच्या एका कारखान्यात ऑफिसर होते आणि तेव्हा हे लोक बदलापूर पश्चिमेला, नदीपासून जवळच, तळमजल्यावर राहायचे. कारखान्यात आलेल्या कुणा पाहुण्याने ते पुस्तक मागे ठेवलं, ते बाबांच्या हाती लागलं. कंपनीच्या बसमध्ये ते वाचायचे आणि संध्याकाळी लाइट गेली की समीरला गोष्ट सांगायचे. इंग्रजी नावं जिभेवर बसेनात म्हणून त्यांनी सगळ्यांचं बारसं मराठीत करून टाकलेलं. राणी इरावती. सेनापती आनंदराव. ड्रॅगनसुद्धा भुजंगराव. त्या भाऊगर्दीत भिवा नावाडी हा समीरला कधी वेगळा वाटलाच नाही.

हिमानीने, त्याच्या बायकोने, फोनवर पुस्तक उतरवून घेतलं आणि चिकाटीने वाचून काढलं. मग ती अंबरनाथच्या त्यांच्या फ्लॅटच्या गॅलरीत कपडे वाळत घालता घालता शांतपणे म्हणाली, “समीर, खरंच नाहीये रे तो. तू म्हणतोस ते पहिल्या चार नद्यांपर्यंत सगळं तसंच आहे. नावं वेगळीयेत, पण भुजंगराव आहे, आनंदराव पण आहे. पाचव्या नदीपासून तू सांगतोस ते काहीच नाही.”

समीर चिमटे हातात धरून उभा राहिला. व्हिडिओ काढून टाक, हिमानी म्हणाली, चूक झाली म्हणून दोन ओळी लिही, लोक विसरतात. तो म्हणाला, नाही. बाबांनी चॅनलची घंटी दाबून ठेवलीय. ते विचारतील का काढलास, मग काय सांगू?

कारण बाबा वाट बघत होते.

दर शुक्रवारी संध्याकाळी ते टीव्हीसमोर बसायचे, इस्त्रीचा शर्ट घालून, जसं काही कुणाकडे जायचंय. रिटायर झाल्यापासून त्यांना एवढं खुललेलं कुणी पाहिलं नव्हतं. पाचवी नदी गेली, सहावी गेली. बाबा म्हणायचे, शेवटच्या नदीवर आणतील त्याला, सस्पेन्स ठेवलाय. सकाळच्या फिरायच्या ग्रुपला त्यांनी सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. त्यातले दिनानाथ काका तर मालिका बघायला लागले ते फक्त या नावाड्यासाठी. कुठलं पुस्तकातलं आणि कुठलं आपलं, हे इतक्या वर्षांनी बाबांनाच आठवत नव्हतं. समीरला ते आता कळलं. कमेंटवाल्यांनी त्याला सोलला ते परवडलं. पण बाबांना कोण सांगणार? आणि कसं, की त्यात ते खोटे ठरणार नाहीत?

तो स्वयंपाकघरात गेला. आई, पद्मजा, मोड आलेले वाल सोलत बसली होती. तो पण समोर बसला, दोन वाल सोलले, मग विचारलं, त्या पुस्तकाचं झालं काय शेवटी?

“पुरात गेलं,” आई म्हणाली. “त्याचा नुसता लगदा झालेला. तुझ्या बाबांनी गच्चीवर वाळत घातलं होतं, पानंच सुटेनात. अर्धंसुद्धा वाचून झालं नव्हतं त्यांचं.”

समीर तेव्हा पहिलीत होता. त्या पुरातला त्याला फक्त चिखलाचा वास आठवत होता. बाकी आईनेच सांगितलं. पाणी खिडकीच्या वर आलं, हे तिघं कपाटावर चढून बसले. जवळच एक गोडाऊन होतं, केमिकलचे रिकामे ड्रम ठेवायचं, तिथे चामटोली गावचा हिरामण हमाली करायचा. त्याने निळे ड्रम दोराने बांधले, वर दरवाजाची फळी टाकली आणि बांबूने रेटत घराघरातून माणसं काढली. समीर पाणी बघून किंचाळत होता, फळीवर पाय ठेवेना. तेव्हा हिरामणने त्याला उचलून मध्ये बसवलं आणि डोळे मिटायला लावले. शाळेच्या गच्चीला लागेपर्यंत पोराने डोळे उघडले नाहीत.

“म्हणून तुला त्याचं तोंड आठवत नाही,” आई म्हणाली. “त्यानंतर तू अंघोळीला बसेनास. बादली दिसली की रडायचास. मग ह्यांनी गोष्ट पुन्हा सुरू केली. पुस्तक नाही, काही नाही. पहिल्याच दिवशी तो नावाडी आणला. तांब्याभर पाणी ओतायचे आणि नावाड्याचं वाक्य म्हणायचे.”

समीरने सोललेला वाल टरफलांत टाकला. आई पुढे बोलत होती, की काही वर्षं दिवाळीत ती हिरामणला फराळाचा डबा धाडायची, मग अंबरनाथला फ्लॅट घेतला आणि ते राहूनच गेलं.

शेवटचा भाग आला. हिमानीने भजी केली. बाबा पुढे सरकून बसले. नववी नदी अशी काही दाखवली होती की बघत राहावं, काळं पाणी, त्यात तारे पडलेले. राणी काठावर आली. बाबांनी हळूच आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. राणीने हात वर केला, पाण्यातून बर्फाचा पूल उभा राहिला, ती चालत पलीकडे गेली आणि मुलाला मिठी मारली. संगीत वाजलं. नावं सरकायला लागली.

नावं संपेपर्यंत सगळे बघत राहिले. मग बाबा म्हणाले, “बजेट संपलं असेल.”

हिमानीला हसू आलं आणि लगेच रडूही आलं, ती भज्यांची ताटली उचलून आत निघून गेली.

मनात आणलं असतं तर समीर तिथेच बोलला असता. तोंडापर्यंत आलंही. पण बाबा रिमोट हातात घेऊन मालिकावाल्यांना शिव्या घालत होते, एवढ्या चांगल्या माणसाला काढला म्हणून. दुसऱ्या दिवशी ते फिरायला गेले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले. दिनानाथ काकांनी फोन करून विचारलं, काय गुरुदत्तराव, नाव पंक्चर झाली की काय? बाबा हसले, पण पुढचे सगळे दिवस गुडघा दुखतच राहिला.

पुढच्या आठवड्यातल्या रविवारी समीरने बाइक काढली. बाबांना म्हणाला, चला, चामटोलीला जाऊन येऊ, हिरामणकडे. बाबा चकित झाले. पुरातल्या हिरामणकडे? आज अचानक? आईने फराळाचा एक डबा हातात दिला. दिवाळी कुठल्या कुठे होती, पण चकल्या ताज्या होत्या.

बदलापूर मागे पडलं, नव्या टॉवरांचे बोर्ड संपले, रस्ता शेतांमधून जायला लागला. चामटोलीत दोघातिघांना विचारत ते घराशी पोचले. पुढे बोअरिंगचा हापसा होता आणि एक म्हातारा, अंगात बनियन, एका चिमुरडीला न्हाऊ घालत होता. पोरीच्या डोक्याला साबण फासलेला, ती हातपाय झाडत होती. म्हाताऱ्याने तांब्या वर धरला आणि अगदी सवयीने म्हणाला,

“डोलं मिट गो, उघडशील तवा काठ आलेला असंल.”

पोरीने डोळे गच्च मिटले. पाणी पडलं.

बाबा हेल्मेट हातात धरून उभे राहिले. समीरने बाइक स्टँडला लावली, पण त्यांच्याजवळ गेला नाही. बाबांनी एकदा हिरामणकडे बघितलं, एकदा घराला टेकून ठेवलेल्या निळ्या ड्रमकडे, ज्यात आता पाणी साठवलेलं होतं. मग समीरकडे वळले.

“पुस्तकात नव्हता का रे हा?”

“नाही, बाबा.”

“तुला माहीत होतं?”

“हल्लीच कळलं.”

बाबांनी मान हलवली. थोडा वेळ काहीतरी जुळवत राहिले, आणि समीरच्या मनात आलं, आता खचतील. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू सुटत गेला.

“म्हणजे त्यांनी त्याला काढला नाही,” ते म्हणाले.

“नाही. त्यांच्याकडे तो नव्हताच.”

“उगाच शिव्या घातल्या बिचाऱ्यांना.” आणि मग गालातल्या गालात हसत, “बदलापूर एडिशन.”

म्हणजे बाबा कमेंट पण वाचत होते. समीरचे कान तापले.

हिरामणने आधी साहेबांना ओळखलंच नाही. त्या दिवशी किती जणांना काढलं याचा त्याला पत्ता नव्हता. डबा उघडल्यावर मात्र त्याचा चेहरा उजळला, ही चकली त्याला आठवत होती. नातीला फडक्यात गुंडाळून मांडीवर घेत त्याने बाबांना खाटेवर बसवलं आणि विचारलं, काय काम काढलं?

बाबा घसा खाकरून म्हणाले, तुला एक गोष्ट सांगायला आलो.

आणि त्यांनी सांगितली. पहिल्या नदीपासून नाही, एकदम पाचव्यापासून. राणी इरावती, वर आभाळ फाटलेलं, खाली पाणी, आणि त्यातून बांबू रेटत येणारा भिवा. समीरने ही गोष्ट शंभरदा ऐकली असेल, पण बाबांनी सांगताना ऐकणाऱ्याकडे इतकं बघितलेलं त्याला आठवत नव्हतं. हिरामण चकली मोडायची विसरला. घागरींपाशी मात्र त्याने हात वर केला.

“घागरी कशाला, साहेब? घागर बुडंल. डरम बोला, डरम.”

“बरं, ड्रम,” बाबा म्हणाले. त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्ती केली.

“आन राणीला मी बसवली?”

“मधोमध.”

“भ्याली व्हती का?”

“खूप. पण तू सांगितलंस म्हणून डोळे मिटून बसली.”

हिरामण खूश झाला. राणी म्हणजे जरा जास्तच झालं, असं काहीतरी पुटपुटला, पण त्याने नातीला सावरून बसवलं, तीही ऐकावी म्हणून. समीर हापशाच्या कठड्यावर बसला होता. सांडलेलं पाणी त्याच्या चपलांखालून वाहत होतं. त्याने पाय उचलले नाहीत.

गोष्ट काठाला लागली. बाबा थांबले, कारण इथून पुढे त्यांनी कधी फारसं काही सांगितलंच नव्हतं. तोवर समीर अंघोळीला बसायला लागला होता.

“मंग?” हिरामण म्हणाला. “तिच्या पोराचं काय झालं?”

बाबांनी समीरकडे बघितलं नाही. डब्याचं झाकण हातात फिरवत राहिले.

“सापडला,” ते म्हणाले. “घरी आला. थोडे दिवस पाण्याला भ्यायचा.”

“भितातच,” हिरामण म्हणाला, आणि नातीचं ओलं डोकं पुसायला लागला.