बाईंचा जोड

वर्कशॉपच्या बाईंचा उजवा हात थरथरतो, हे पहिल्यांदा लक्षात आलं त्यांच्या नवऱ्याच्या. नवरा शिंपी. चाळीस वर्षं सुईत दोरा ओवणाऱ्या माणसाला दुसऱ्याची बोटं वाचता येतात. बाई त्याच्या चहात साखर घालत होत्या आणि चमचा कपापर्यंत पोचेस्तोवर निम्मी साखर ओट्यावर सांडली होती.

“किती दिवस चाललंय हे?” त्याने विचारलं.

“काय?”

“अगं, चष्मा लागलाय मला, आंधळा नाही झालो.”

“दगदग होतेय, दुसरं काय? स्पर्धा होऊ दे, मग दाखवू डॉक्टरांना.” बाईंनी ओटा पुसला आणि विषय संपवला. विषय संपवण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

शाळेत येण्याआधी बाईंनी एकोणीस वर्षं कारखान्यात कंट्रोल पॅनेल जोडली होती. तिथल्या पुरुषांनी आधी नाकं मुरडली, पण पुढे पुढे अवघड पॅनेल आलं की “बाईंकडे द्या,” म्हणून मोकळे व्हायला लागले. आता त्या शाळेच्या रोबोट-संघाला वीज, हवा आणि सेन्सर शिकवत. पुस्तक उघडायच्या नाहीत. “बॅटरी म्हणजे उंचावरची टाकी,” त्या सांगायच्या. “टाकी काठोकाठ भरलेली असली, पण वाटेत पाइपची मान आवळली असली, तर धार कशी लागेल? थेंब थेंब पाण्याला चालेल, पण चार नळ एकदम सोडलेत की सगळे कोरडे.”

संघ तिघांचा. एक कप्तान, रोबोट चालवणारा. दुसरा हवेचं खातं सांभाळणारा. कॉम्प्रेसर, टाकी, व्हॉल्व्ह, नळ्या सगळं त्याच्याकडे. आवाज असा दणदणीत की सगळे त्याला भोंगा म्हणत. आणि तिसरी खारूताई. रोबोटच्या सांगाड्यात कुठूनही शिरायची, म्हणून खारूताई. वायरिंग सगळं तिचं.

खारूताईचं डोकं तल्लख, पण परीक्षेचा पेपर समोर आला की तोंडचं पाणी पळायचं. येणारी उत्तरंही अर्धवट राहायची. स्पर्धेतल्या पहिल्या चार संघांना तंत्रशाळेत परीक्षेशिवाय प्रवेश होता. तिच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, “मिळाला प्रवेश तर शीक. नाही मिळाला तर पुरे झालं.” कप्तानाला आणि भोंग्याला दुसरे रस्ते होते. तिला हा एकच.

बाईंचे नियम तीन. रोबोटला हात लावण्याआधी टाकीतली हवा सोडायची. मग बॅटरी काढायची. आणि कुठलाही जोड केला की तो ओढून बघायचा. “सुटायचा असेल तर इथे सुटू दे,” त्या म्हणायच्या, “मैदानात नको.”

स्पर्धेच्या आदल्या दुपारी बॅटरीची जाड वायर बदलायची वेळ आली. वायरच्या टोकावर तांब्याची टोपी चढवून ती लांब दांड्यांच्या पकडीने दाबायची असते, दोन्ही दांड्या एकमेकींना टेकेपर्यंत. खारूताईने पकड उचलली, तशी बाईंनी ती तिच्या हातातून घेतली. हा एक जोड त्या दरवर्षी स्वतः करायच्या.

बाईंनी जोर लावला. दांड्या जवळ आल्या, आणखी जवळ आल्या, आणि बोटभर अंतर राहिलं असताना उजव्या हातातली ताकदच गेली. हात थरथरला. मुलं बघत होती. बाईंनी पकड सोडली, जोडावर रबरी नळी सरकवली आणि गरम करून चापून बसवली. आतलं आता काही दिसत नव्हतं.

खारूताईने सवयीने तो ओढून बघायला हात पुढे केला.

“माझा जोड ओढून बघतेस?” बाई म्हणाल्या. हसून म्हणाल्या, पण धार होती. पोरीचा हात जागच्या जागी थांबला.

“नाही बाई,” ती ओशाळून म्हणाली.

टेबलावर रोबोट छान चालला. भोंग्याने टाळी वाजवली. बाईंनी स्वतःला सांगितलं, बसलाय जोड; एवढ्या वर्षांत कधी सुटलाय?

स्पर्धा एका मोठ्या बंदिस्त मैदानात होती. प्रत्येक संघाला तीन फेऱ्या, तिन्हींच्या गुणांची बेरीज. रोबोटने कड्या उचलायच्या आणि खांबांवर चढवायच्या. पहिल्या फेरीत रोबोट झोकात निघाला, पहिल्या कडीपाशी थांबला, पंजा मिटला. टाकीतली हवा कमी झाली म्हणून कॉम्प्रेसर सुरू झाला, त्याच वेळी कप्तानाने चाकं जोरात फिरवली, आणि रोबोटचे सगळे दिवे विझले. पंजा उघडला, कडी घरंगळत गेली. दिवे परत लागले, रोबोट हलला, पुन्हा विझले. फेरी संपली तेव्हा फलकावर शून्य होतं.

तिघं आपल्या टेबलापाशी धावत आले. भोंग्याने आधी हवा सोडली, नळ्या तपासल्या. “गळती नाही!” तो ओरडला. खारूताईने मीटर लावला. बॅटरी भरलेली. “कडी ओळखणारा सेन्सर दगा देतोय,” कप्तान म्हणाला. “कडीपाशीच बंद पडतोय तो.”

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. टाकी भरलेली, आणि सगळे नळ एकदम सोडले की कोरडे. कुठे मान आवळली असेल ते त्यांना ठाऊक होतं. नुसतं म्हणायचं होतं, “बॅटरीचा जोड बघा.” पाच शब्दही नव्हते. पण आजूबाजूच्या टेबलांवर दुसऱ्या शाळांचे शिक्षक उभे होते, त्यातले दोघं त्यांच्याचकडे शिकून गेलेले. आणि ते म्हटलं असतं तर पुढचंही म्हणावं लागलं असतं, हाताचं.

“सेन्सर बदलून बघा,” बाई म्हणाल्या.

मुलांनी बदलला. दुसऱ्या फेरीतही शून्य.

या खेपेला कप्तान मटकन खाली बसला. भोंग्याचाही आवाज बसला होता. खारूताई मात्र सांगाड्यात शिरली आणि एकेक जोड ओढत चालली. मुख्य स्विच. मोटारी. व्हॉल्व्ह. शेवटी बॅटरीच्या वायरला हात घातला, क्षणभर थांबली, आणि ओढली. तार टोपीतून सुटून तिच्या मुठीत आली.

तिने बाईंकडे पाहिलं. बाईंचा उजवा हात साडीच्या पदराखाली होता. पोरीने बराच वेळ त्या पदराकडे पाहिलं.

“काय झालं? सापडलं?” कप्तान उठला.

“माझा जोड होता,” खारूताई म्हणाली. “नीट दाबला नव्हता मी.”

“तू? दोन फेऱ्या घालवल्यास तू! एक काम, एकच काम होतं तुला!”

तो बोलत राहिला. तिने मान खाली घालून नवी टोपी चढवली, पकडीच्या दांड्या टेकवल्या, ओढून बघितलं. आदल्या दिवशी पकड बाईंनी घेतली होती हे कप्तानाला रागाच्या भरात आठवलंच नाही. भोंग्याला आठवलं असावं, पण तो नळीचं टोक पुसत राहिला. आणि बाई नुसत्या उभ्या होत्या.

तिसऱ्या फेरीत रोबोटने सगळ्या कड्या चढवल्या. त्या दिवसातले ते सगळ्यात जास्त गुण होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेरजेत संघ सहावा आला.

मग बाईंना वाचा फुटली. त्या थेट परीक्षकांच्या टेबलापाशी गेल्या. “चूक माझी आहे. जोड मी केला होता, मला माहीत होतं तो कच्चा आहे. मुलांना एक फेरी परत द्या.”

परीक्षक भला माणूस होता. त्याने बसायला खुर्ची दिली. “बाई, रोबोट संघाचा असतो. जोड कुणी केला हे नियमात येत नाही.”

“मग नियमाबाहेर काही करा.”

“तुमच्या पुढे असलेल्या पाच संघांना काय सांगू?”

बाई खुर्चीवरून उठल्या. परत येऊन त्यांनी मुलांनाही सांगितलं, सगळं, दांड्यांमधल्या बोटभर अंतरापासून. भोंगा रडायला लागला. कप्तानाने खारूताईकडे पाहिलं, आणि तो रोबोटची बॅग भरायला वळला.

“तू का घेतलंस अंगावर?” बाईंनी खारूताईला विचारलं.

“मला वाटलं, तुम्ही सांगाल,” ती म्हणाली. “म्हणजे, लगेच सांगाल.”

दुसऱ्या दिवशी बाई तिच्या घरी गेल्या. वडिलांनी पाणी दिलं, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. “तुम्ही सांगायला आलात, मोठेपणा तुमचा,” ते म्हणाले. “पण आता त्याचा काय उपयोग?” आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ते उघडलं नाही.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हे वाढतच जाईल असंही सांगितलं. बाईंनी शाळा सोडली. वर्कशॉपसाठी दुसरं कुणी मिळालं नाही. पुढच्या वर्षी संघ उभा राहिला नाही.

पावसाळा सरल्यावर त्यांना कुणीतरी सांगितलं, खारूताई बाजारातल्या लाँड्रीत काउंटरवर बसते. बाई दोन चादरी घेऊन गेल्या. पोरगी वाळली होती, केस घट्ट बांधले होते.

“उद्या संध्याकाळी मिळतील, बाई,” ती नेहमीसारखी म्हणाली.

“तंत्रशाळेच्या परीक्षेला बस की. मी शिकवते. घरी ये माझ्या, फक्त तासभर.”

“आठ ते आठ असते मी इथे.”

“सुट्टीच्या दिवशी?”

“बाबांना विचारून बघते,” ती म्हणाली. विचारणार नाही, हे दोघींनाही कळलं. तिने पावती फाडून पुढे केली. बाईंना ती बोटांत धरता येईना, दोनदा निसटली. तेव्हा खारूताई काउंटरबाहेर आली, तिने पावती घडी करून बाईंच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि पुन्हा जागेवर जाऊन बसली.

“पुढचे या,” ती म्हणाली.

बाई बाजूला झाल्या. मागे रांगेत चार माणसं उभी होती.